मास्तरांचे दात आणि विलायती गत

मास्तर माणसाचं तोंड पाहत नसत, दात पाहत. कुणाची ओळख करून दिली, की समोरचा बिचारा आपलं नाव, गाव, कुळ सांगत असायचा आणि मास्तरांची नजर त्याच्या ओठांच्या मधोमध अडकलेली असायची. पुढे कधी त्या माणसाचा विषय निघाला तर नावगाव त्यांना काही आठवायचं नाही. “खालचा एक आडवा हाय, तो का?” असं विचारायचे, आणि हो म्हटलं की ओळख पटायची. वाशीमच्या कोर्टातले वकील, कापसाच्या जिनातले मुनीम, स्टेशनावरचा तिकीटबाबू, सगळे त्यांच्या डोक्यात असे दातांवरून लावून ठेवलेले होते.

माझी त्यांची पहिली भेट मिशनच्या बंगल्याच्या व्हरांड्यात झाली. दुसरी जागतिक लढाई पेटायच्या आधीची गोष्ट. मी मिशनच्या मुलींच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते आणि कुणीही बाई म्हणून हाक मारली की मागे वळून पाहायची, दुसऱ्याच कुणाला बोलावतायत असं वाटून. मास्तरांनी मला नमस्कार केला, माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि हळहळले.

“बाई, दात झकास हायेत तुमचे,” ते म्हणाले. “वाया चालले.”

अशा बोलण्यावर तरण्या मुलीने काय म्हणावं? मी मुळातच फटकळ. वाया कसे, मी भाकरी काय कानाने खाते, असं फाडकन विचारलं. मास्तरांना राग आला नाही. भाकरी तर बोळकं झालेली म्हातारीही दुधात चुरून खाते, तिला कुठे दात लागतात, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं. देवाने वरचे पुढचे दात एकाच कामासाठी दिलेत, आणि ते काम सबंध वाशिमात आपण एकटे करतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

ते काम म्हणजे सॅक्सोफोन वाजवणं. मास्तर गावातल्या बँडचे मुख्य होते. त्या वाद्याला एक काळी चोच असते, चोचीच्या पोटाशी बोरूची पत्ती. वरचे दात चोचीवर रोवायचे, खालचा ओठ दुमडून पत्तीखाली धरायचा आणि फुंकायचं. दात हलला की सूर हलला. वाशीमचे लोक त्या वाद्याला पितळी हुक्का म्हणायचे, आणि दिसायलाही ते हुक्क्यासारखंच दिसायचं. पण मास्तरांसमोर तसं म्हणायची सोय नव्हती. एका नवरदेवाच्या मामाने वरातीत गमतीने चिलीम पुढे केली, तर त्या मामाला त्यांनी घोड्यामागून मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत पिटाळला होता म्हणे.

बढाई मारण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. वऱ्हाडात आपल्यासारखा सॅक्सोफोन कुणी वाजवत नाही, हे ते दिवसातून एकदा तरी सांगायचे. आमच्या आसपासच्या तालुक्यांत दुसरा सॅक्सोफोनच नव्हता, तेव्हा त्यांना खोटं पाडणार कोण? लाल बनातीचा, पितळी बटणांचा बँडचा कोट अंगात घातल्याशिवाय ते भाजी आणायलाही जात नसत. मात्र भाजीत शेंगा घेत नसत. ऊस नाही, फुटाणे नाहीत, पेरू नाही, सुपारी तर नाहीच. हुरड्याच्या दिवसांत कुणी मळ्यात बोलावलं तर हुरडा खलबत्त्यात कुटून मागायचे. यजमानीण कुरकुरली तर म्हणायचे, की तुमच्याच पोरीच्या लग्नासाठी दात जपून राह्यलो.

आता विलायती गतीचं, म्हणजे त्यांच्या त्या वाजवायच्या चिजेचं सांगते. तरुणपणी मास्तर कामठीच्या छावणीत एका गोवेकर बँडमास्तरांच्या हाताखाली शिकले. पाच रेघांवरची टिंबं वाचायची विद्या त्यांनीच दिली, आणि निवृत्त होऊन गोव्याला जाताना जवळची एक छापील विलायती गत देऊन गेले. ती गत बँडची नव्हती. एक सॅक्सोफोन आणि एक पियानो, दोघांनीच बसून वाजवायची, तीन भागांची. सॅक्सोफोनची वही वेगळी, पियानोची वेगळी. मास्तरांनी आपली वही वाजवून वाजवून तिच्या चिंध्या केल्या, आणि पियानोची वही मेणकापडात गुंडाळून पेटीत ठेवली. ती वाजवणारं कुणी नव्हतंच.

तीन भागांना त्यांनी आपल्या धंद्यातली नावं दिली होती. पहिला भाग म्हणजे नवरदेव आला. दुसरा, मुलगी निघाली. तिसरा, पंगत बसली. तिसरा भाग फार पळतो, आणि मास्तर म्हणायचे की गोड वाढायला आलं की वऱ्हाडी असेच पळतेत.

ही गत त्यांनी सबंध मुलखाच्या गळी उतरवली होती. त्यांचा बँड ठरवायचा तर एक अट असायची: नाटकातली पदं, लावण्या, मार्च, काय हवं ते वाजवू, पण आधी विलायती गत. मंगरूळपीरच्या एका बड्या व्यापाऱ्याने वरातीत सांगितलं, की हे रडगाणं बंद करा. मास्तरांनी सॅक्सोफोन पेटीत ठेवला, पेटी भर रस्त्यात ठेवली आणि तिच्यावर बसले. नवरदेव घोड्यावर, घोडा उन्हात, मांडवात भटजी मुहूर्त गेला म्हणून हातवारे करतायत. शेवटी नवरदेवच घोड्यावरून म्हणाला, की बाबा, वाजवू द्या त्यांना, मले घोडा टोचून राह्यला. मग गत झाली, आणि मगच लग्न झालं.

त्यामुळे चमत्कार असा झाला होता, की कुठे सातासमुद्रापार कुणी लिहिलेली ती गत आमच्याकडे जोंधळ्याची राखण करणारेसुद्धा गुणगुणायचे. पोहरादेवीच्या जत्रेत तांड्यावरच्या बायकांनी तिच्यावर फेर धरलेला मी स्वतः पाहिला. पण सगळ्यांना पाठ होती ती अर्धीच. पियानोची अर्धी कुणी ऐकली नव्हती, खुद्द मास्तरांनीही नाही.

मग पियानो एकटा वाजतो त्या जागी काय व्हायचं? तिथे सखाराम ताशेवाला होता. सखाराम मास्तरांच्या बँडमधला सगळ्यात जुना माणूस, बोलायला कमी आणि हाताला भारी. सॅक्सोफोनची रिकामी जागा आली की सखाराम तीत ताशा भरायचा. वरात थबकलेली असेल तर जास्त भरायचा, पुढे सरकली असेल तर कमी, आणि जागा संपली की एक सणसणीत थाप द्यायचा. थाप पडली की मास्तर आत. इतकी वर्षं हे असं चाललं होतं, आणि त्यात काही चुकतंय असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. जत्रेतल्या बायका तर नेमक्या त्या जागीच सगळ्यात जोरात गिरक्या घ्यायच्या.

त्या दिवशी मास्तर मिशनच्या बंगल्यावर आले होते ते दात दाखवायला. मिशनचा दवाखाना आमच्याच आवारात होता आणि तो चालवणाऱ्या अमेरिकन डॉक्टरीणबाई बंगल्यात राहायच्या. उंच, हाडकुळ्या, पिकल्या केसांच्या बाई. मराठी पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळे आमच्यात सगळ्यात शुद्ध त्याच बोलायच्या. व्हरांड्यातल्या उजेडात मास्तरांना खुर्चीवर बसवून त्यांनी त्यांचा जबडा उघडला आणि एकेक दात हलवून पाहिला.

“वरचे पुढचे दात काढावे लागतील,” शेवटी त्या म्हणाल्या. “हिरड्यांमध्ये पू आहे. तुम्हाला ताप येतो तो त्याचाच. तो रक्तात भिनला तर मी काही करू शकणार नाही.”

मास्तरांनी तोंड मिटलं. त्यांनी वाद घातला नाही, देवाचं नाव घेतलं नाही. बढाईखोर माणूस गप्प झाला की फार वाईट दिसतो. मग त्यांनी कोटाच्या आतून मेणकापडाची गुंडाळी काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणजे काय ऐकायला मिळणार हे घरून निघतानाच त्यांना माहीत होतं.

“दात घ्या,” ते म्हणाले. “नाई म्हनत नाई मी. पन तुमच्या घरात पियानो हाय. एक डाव मले ही गत पुरी वाजवू द्या, मंग बत्तीसच्या बत्तीस घेऊन जा.”

डॉक्टरीणबाई धर्मोपदेशकाच्या कन्या. त्यांच्या देशात सॅक्सोफोन म्हणजे नाचगाण्याच्या अड्ड्यावरची चीज. बंगल्यात तो वाजणार या कल्पनेनेच त्यांच्या भुवया वर गेल्या. पण गुंडाळी उघडून त्या वाचायला लागल्या, आणि वाचता वाचता त्यांची बोटं टेबलावर आपोआप हलायला लागली. मग थांबल्या. सांधेदुखीने त्यांची बोटं वाकडी झाली होती; टाके घालण्यापुरती उरली आहेत, असं त्या स्वतःच म्हणायच्या. त्यांनी वही मिटली आणि माझ्या हातात दिली. ईस्टरपर्यंत मुदत, दुसऱ्याच दिवशी दात काढणार, असं त्यांनी मास्तरांना बजावलं.

पियानो मला त्यांनीच शिकवला होता, पण भजनांपुरता. भजनाची पानं कशी मोकळी, अंगण सारवल्यासारखी असतात. ही वही उघडली तर पानावर मुंग्यांचं वारूळ फुटलेलं. मला रडू कोसळलं, आणि त्याहून जास्त राग आला. हा माणूस इतकी वर्षं अख्ख्या जिल्ह्याला वेठीला धरून बसला होता, आता मला धरणार. तरी शाळा सुटली की मी पियानोला बसायची. का बसायची, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगते, मला त्यांची दया आली नव्हती. मला ती अर्धी ऐकायची होती.

बंगल्यातला पियानो वाळवी लागू नये म्हणून चारी पाय रॉकेलच्या डब्यांत बुडवून उभा होता. उन्हाळा तोंडावर आला होता, त्यामुळे त्याचे सूर उतरलेले. डॉक्टरीणबाईंनी किल्लीने तारा पिळून पाहिल्या. काही चढल्या, काही नाही. मास्तरांनी चोच थोडी बाहेर ओढून आपलं वाद्य खाली आणलं. एवढं सगळं जमलं, आणि आम्ही पहिल्यांदा एकत्र वाजवायला बसलो.

सुरुवात झकास झाली. मग पियानोची एकट्याची जागा आली. मी मान खाली घालून ती वाजवली, धडपडत का होईना पण वाजवली, संपवली, आणि पुढचं ऐकायला कान टवकारले. काही नाही. वर पाहिलं तर मास्तर डोळे मिटून, गाल फुगवून, चोच दातांत धरून उभे. मी म्हटलं, मास्तर, तुमचं आलं. ते दचकले.

“थाप कुठी हाय?” त्यांनी विचारलं.

कसली थाप? मला काही कळेना. बऱ्याच बोलण्यानंतर उलगडा झाला, की मास्तर इतकी वर्षं सखारामच्या थापेवर आत शिरत होते. छापील वहीत रिकाम्या जागेचे हिशेब दिलेले होते, पण वरातीत ते कोण पाहतो? हळूहळू मोजायची सवयच मोडली. आणि आता पियानो थाप देत नाही म्हणून ते पियानोवर रागावले. त्या दिवशी आणि पुढे रोज हेच. कधी उशिरा यायचे, कधी मी अर्ध्यात असताना घुसायचे. मी मान हलवून खूण करायची, तर डोळे मिटलेले. मी एकदा त्यांना शाळेतल्या पोरीला रागवावं तसं रागवले. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं.

मग त्यांनी सखारामलाच आणला. डॉक्टरीणबाईंनी एवढी परवानगी दिली, की ताशेवाल्याने व्हरांड्यात बसावं, ताशावर फडकं टाकावं आणि फक्त ती एक थाप द्यावी. आम्ही सुरू केलं. पियानोची जागा आली, मी वाजवली, संपली. थाप नाही. मास्तर खवळून बाहेर गेले, मी मागोमाग. सखाराम भिंतीला टेकून बसला होता, काड्या खाली ठेवून.

“मारली काहून नाई?” मास्तर म्हणाले.

“मास्तर, ही जागा माही नोयती,” सखाराम म्हणाला. “इतले वर्सं मी दुसऱ्याच्या घरात राहून राह्यलो. घरवाली आली आता. मी कायले वाजवू?”

मास्तर त्याला वाट्टेल ते बोलले. लग्नांची कामं कुणी मिळवून दिली, पोट कुणी भरलं, सगळं काढलं. सखाराम उठला, ताशा खांद्याला लावला आणि निघून गेला. पण फाटकाबाहेर गेला नाही. कुंपणाजवळच्या निंबाखाली बसून राहिला आणि आमचं वाजवणं संपेपर्यंत ऐकत होता. दुसऱ्या दिवसापासून रोज येऊन तिथेच बसायला लागला. मास्तर त्याच्याकडे पाहत नसत.

इकडे दात हलायला लागले होते. मास्तर लवंगेचं तेल लावून यायचे. खोलीभर वास यायचा. वाजवून झालं की चोचीवर रक्त दिसायचं, ते घाईघाईने पुसायचे. एकदा ताप अंगात घेऊन आले. मी म्हटलं, आज राहू द्या. म्हणाले, “बाई, मले शादी-ब्याहवाला बँडमास्तर म्हनून मराचं नाई. एक डाव पुरी गत वाजवलेला मानूस म्हनून जिता राहाचं हाय.” असं बोलून ते उभे राहिले, आणि त्या दिवशी तर सगळ्याच जागा चुकले.

ईस्टरच्या आदल्या दुपारी बंगल्याच्या दिवाणखान्यात गत ठरली. दिवाणखाना कसला, दारं उघडली की व्हरांडा आणि व्हरांड्यापुढे आवार. शाळेच्या मुली सतरंजीवर, दवाखान्यातले उठू शकणारे रोगी भिंतीशी, बँडमधले लोक लाल कोट घालून पायऱ्यांवर. कुंपणाबाहेर बाजाराला आलेले लोक गाड्या सोडून उभे. विलायती गत पुरी होणार, ही बातमी आठवड्याच्या बाजारात फिरली होती. सखाराम निंबाखाली, आपल्या जागेवर.

पहिल्या भागात मास्तर चुकले. माझी जागा संपली आणि ते तसेच उभे. पण का कोण जाणे, मी न थांबता तीच जागा पुन्हा पहिल्यापासून वाजवली, जणू ती दोनदाच लिहिली आहे. दुसऱ्या खेपेला ते आत आले. ऐकणाऱ्यांना काही कळलं नाही. मास्तरांना कळलं, त्यांचे कान लाल झाले होते.

दुसरा भाग बंगल्याच्या आवाराबाहेर वाशिमात कुणीच ऐकला नव्हता. तो इतका संथ आहे, की त्यावर वरात चालू शकत नाही, म्हणून मास्तर तो गाळायचे. मुलगी निघाली, असं ते म्हणायचे ते मला तेव्हा पटलं. एक सूर धरायचे आणि तो सोडायचेच नाहीत, दारातल्या आईसारखे. दवाखान्यातली एक म्हातारी पदर तोंडाला लावून बसली. माझेही डोळे भरले, आणि वहीतल्या मुंग्या आधीच अंधुक होत्या त्या आणखी अंधुक झाल्या. हा माणूस मंगरूळपीरच्या रस्त्यात पेटीवर का बसला असेल, ते मला त्या सुरात समजलं. मला त्यांचा अभिमान वाटला, अगदी सख्ख्या माणसाचा वाटावा तसा.

मग पंगत बसली. तिसरा भाग. मास्तर असे सुटले की मला त्यांच्यामागे पळता भुई थोडी झाली. आणि पियानोची सगळ्यात लांब जागा येते, तिच्या तोंडाशीच सॅक्सोफोनमधून एक चमत्कारिक आवाज आला. मी वाजवत राहिले. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर मास्तरांनी चोच तोंडातून काढली होती आणि दोन बोटं तोंडात घातली होती. ते चाचपडत होते, खेचत होते. मग त्यांचा हात माझ्यासमोर आला आणि पियानोच्या फळीवर, वहीच्या शेजारी, त्यांनी काहीतरी ठेवलं. दात होता. मुळासकट, लांबलचक, रक्ताळलेला.

माझा हात सुटता सुटता राहिला. संपलं, असं मला वाटलं. एवढं करून इथे संपलं. मास्तर रुमालाने तोंड पुसत होते, थुंकी गिळत होते, चोच कुठे धरावी ते जिभेने शोधत होते. कसली थाप आणि कसलं काय; त्यांचं सगळं लक्ष तोंडात होतं. मोकळे होते ते फक्त कान. मी जागेच्या शेवटाला आले, शेवटचे सूर चढत गेले, आणि मास्तर आत आले. उशिरा नाही, लवकर नाही. जिथे यायचं तिथे, अगदी माझ्या शेवटच्या सुराच्या हातातून आपला सूर घेतल्यासारखे आले.

बाहेर निंबाखाली सखाराम उठून उभा राहिला होता. मुलींनी मला नंतर सांगितलं. मला तेव्हा बाहेरचं काही दिसत नव्हतं. पुढची जागा आली, मास्तर थांबले, आणि मी वर पाहिलं तर त्यांचे डोळे उघडे होते. ते माझ्या हातांकडे पाहत होते, वाकून ऐकत होते आणि हसत होते, त्या खिंडारासकट. पुन्हा बरोबर आले. त्यापुढची जागाही. उरलेल्या दातांवर आणि ओठावर चोच धरून ते शेवटपर्यंत पळाले, मी त्यांच्याबरोबर पळाले, आणि शेवटचा सूर आम्ही दोघांनी एकदम सोडला.

मग बाहेरून, बाजारकरी लोकांच्या गर्दीतून, कुणीतरी शिट्टी मारली आणि सगळं आवार उसळलं. डॉक्टरीणबाई, ज्यांना मी प्रार्थनेशिवाय कधी डोळे मिटलेले पाहिलं नव्हतं, त्या डोळे मिटून टाळ्या वाजवत होत्या. मास्तर माझ्याकडे वाकले. तोंडात रक्त, त्यामुळे बोलणं बोबडं.

“बाई, तठी त तुमीच मले हात धरून आत नेता,” ते म्हणाले. “मंग इतले वर्सं मी दारात कायले उभा होतो?”

मग ते पायऱ्या उतरून निंबाखाली गेले आणि सगळ्यांदेखत त्यांनी सखारामला मिठी मारली.

ईस्टरची उपासना झाल्यावर दुसऱ्या दिवशी दात काढायचे ठरलं होतं. मी शाळेत मुलींना पाढे म्हणायला लावत होते, तेवढ्यात रस्त्यावरून बँडचा आवाज आला. लग्नाची तिथ नव्हती. मुली खिडक्यांना लोंबकळल्या आणि त्यांना रागवायचं सोडून मीही बाहेर, दवाखान्याच्या पायऱ्यांशी गेले. मास्तरांची वरात येत होती. त्यांच्या बँडचे सगळे लोक लाल कोटात, पुढे मास्तर, गळ्यात झेंडूचा हार, हात रिकामे, मान ताठ. सॅक्सोफोन बरोबर नव्हताच. त्यांचा पुतण्या त्यांचे सूर क्लॅरिनेटवर वाजवत होता आणि बाकीचे त्याला धरून होते. पंगतीचा भाग चालला होता. मागे अर्धा बाजार. दात काढून घ्यायला वाजतगाजत जाणारा माणूस वाशीमने त्याआधी पाहिला नव्हता, आणि नंतरही पाहिला असेल असं मला वाटत नाही.

डॉक्टरीणबाई बाह्या सारून दवाखान्याच्या दारात उभ्या होत्या. वरात फाटकातून आत आली आणि पियानोची लांब जागा आली. बँड थांबला. सखारामने दोन्ही काड्या वर उचलल्या, आणि तशाच वर धरून ठेवल्या. एवढा मोठा जमाव, पण कुणी हूं की चूं केलं नाही. सगळे वाट पाहत होते.

“बाई,” डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आपण इथे काय करता आहात?”

मी धावले. आवारातून, लुगड्याचा घोळ हातात धरून, चपला वाटेत टाकून बंगल्यात शिरले, पियानोची खिडकी सताड उघडली आणि बसायचीही वाट न पाहता उभ्यानेच माझी जागा वाजवायला लागले. जितक्या मोठ्याने वाजेल तितक्या मोठ्याने. शेवटचे सूर चढत गेले, आणि बाहेरून सगळा बँड, क्लॅरिनेट, कॉर्नेट, ढोल, सगळे एकदम आत आले. कुणी थाप दिली नव्हती.

खिडकीतून मला दवाखान्याच्या पायऱ्या दिसत होत्या. मास्तर त्या चढले. दारातल्या खुर्चीवर बसले, हार नीट केला. डॉक्टरीणबाई चिमटा घेऊन शेजारी उभ्या राहिल्या, तर त्यांनी हाताने थांबा म्हणून सांगितलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. गत चालली होती. माझी एक जागा आली, मी वाजवली. बँडची आली, त्यांनी वाजवली. शेवटचा सूर झाला, त्याचा घुमारा आवारातून विरून गेला, तेव्हा कुठे मास्तरांनी तोंड उघडलं.

“काढा आता,” ते म्हणाले.